पहिल्या मण्यात आजी होती, दुसऱ्या दिवशी का नव्हती?

आधी एक विनंती. आणखी द्राक्षं आणणं सध्या थांबवा. का, ते पुढे सांगते.

तुम्ही लिहिलंय ते मला समजलं ते असं. ओळखीच्यांकडे गप्पा मारत बसला होतात, समोर काळ्या, बियांच्या द्राक्षांचा घड होता. बोलता बोलता एक मणी तोंडात टाकला, साल निसटली, गर जिभेवर आला आणि एकदम आजी दिसली. पायरीवर बसलेली, मांडीवर ॲल्युमिनियमचं भांडं, नखाने द्राक्ष चिरून, बी काढून अर्धं अर्धं तुमच्या तळहातावर ठेवणारी. तीस वर्षांत हे दृश्य एकदाही आठवलं नव्हतं. घसा दाटून आला. उरलेला घड तुम्ही मागून घरी आणला, दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढून खाल्ला, तर काहीच नाही. ‘नुसती द्राक्षं लागली.’ तेव्हापासून तीन आठवडे निरनिराळी द्राक्षं आणून चाखताय आणि विचारताय, की ती चव नेमकी कोणत्या जातीची आणि ती परत कशी मिळेल.

मी फळं आणि फळांचे रस चाखण्याचं, त्याहून जास्त म्हणजे चाखणारी माणसं तयार करण्याचं काम बावीस वर्षं करते आहे. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. द्राक्ष कोणतं होतं, हा एक. त्याचं बऱ्यापैकी उत्तर देता येतं. तो क्षण परत कसा आणायचा, हा दुसरा. त्याचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्यात जातीचा वाटा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा लहान आहे.

एक छोटी गोष्ट करून बघा (यासाठी साधी हिरवी द्राक्षं घ्या, ती काळी नकोत). नाक चिमटीत घट्ट धरा, एक मणी तोंडात टाकून चावा. गोड कळेल, आंबट कळेल, साल थोडी तुरट लागेल. बस. आता चावता चावता नाक सोडा. जे एकदम भरून येतं, ज्याला आपण ‘द्राक्षाची चव’ म्हणतो, तो वास आहे. तोंडातल्या घासाची वाफ घशामागून नाकात वर चढते तेव्हा तो कळतो, आणि मेंदू मात्र तो जिभेच्या नावावर खपवतो. नवीन माणसांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते. मोठमोठे लोक लहान मुलासारखे हसतात.

म्हणजे गोडी आणि आंबटपणा यांचा आजीशी फारसा संबंध नाही. 100 ग्रॅम द्राक्षांत साधारण 15 ते 18 ग्रॅम साखर असते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ निम्मं निम्मं. आंबटपणा टार्टरिक आणि मॅलिक या आम्लांचा. हे थोड्याफार फरकाने सगळ्याच द्राक्षांत सापडेल, आणि गोड-आंबट तर तुम्ही गेल्या तीस वर्षांत हजार वेळा खाल्लं असेल. आजी आली ती वासातून.

वासाचा मेंदूतला रस्ता वेगळा आहे. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारी खबर आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबते आणि मग पुढे वाटली जाते. वासाची खबर त्या नाक्याला वळसा घालून थेट अशा भागांत शिरते, ज्यांच्या शेजारीच भावना हाताळणारा अमिग्डाला आणि आठवणी रचणारा हिप्पोकॅम्पस आहेत. म्हणून ‘हा कसला वास?’ याचं उत्तर सापडायच्या आधीच घसा दाटतो. नाव मागून येतं, कधी येतच नाही.

दुसरी गोष्ट वयाची. स्वीडनमध्ये योहान विलांडर आणि मारिया लार्सन यांनी 2006 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वयस्क माणसांना त्यांनी काहींना शब्द, काहींना चित्रं आणि काहींना वास दिले आणि काय आठवतं ते विचारलं. शब्द आणि चित्रांवरून आलेल्या आठवणी बहुतेक 11 ते 20 या वयातल्या निघाल्या. वासावरून आलेल्या मात्र दहा वर्षांच्या आतल्या. आणि बरेच जण म्हणाले, की हे कित्येक वर्षांत मनात आलंच नव्हतं. तुमचं ‘तीस वर्षांत एकदाही नाही’ हे वाक्य वाचलं तेव्हा मला हाच अभ्यास आठवला. तुमच्या बाबतीत काही जगावेगळं घडलेलं नाही. पण घडलं ते खरं आहे.

याच्याच जोडीचा आणखी एक धागा. एखाद्या वासाची ज्या गोष्टीशी पहिल्यांदा गाठ पडते, ती गाठ पुढच्या गाठींपेक्षा पक्की असते. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी 2009 मध्ये हे मेंदूच्या प्रतिमा काढून दाखवलं. मी ते रोज बघते. चाखणाऱ्यांच्या पॅनेलवर येणाऱ्या प्रत्येकाचा प्रत्येक वासाशी आधीच कुठेतरी संसार मांडलेला असतो.

मग दुसऱ्या दिवशी काय बिनसलं? एक कारण नाही, चार-पाच एकदम.

सगळ्यात साधं म्हणजे फ्रीज. गार द्राक्ष वास कमी सोडतं, कारण वासाचे रेणू उडायला ऊब लागते. गारठ्यात गोडीही दबते आणि साल-बीचा तुरटपणा पुढे येतो. ओळखीच्यांकडे घड टेबलावर खोलीच्या उबेत पडून होता. घरी तुम्ही त्यातला अर्धा वास फ्रीजमध्येच कोंडलात. माझ्याकडे फळ चाखायला देण्याआधी किमान दोन तास बाहेर ठेवल्याशिवाय कुणी त्याला हात लावत नाही.

मग येते तुमची वाट पाहण्याची घाई. पहिल्या वेळी तुमचं लक्ष गप्पांत होतं, वास मागच्या दाराने आत आला. दुसऱ्या दिवशी तुम्ही डोळे मिटून, ‘ये आता’ म्हणत बसलात. अशा वेळी माणूस वासाकडे बघत नाही, स्वतःकडे बघतो. शिवाय नाक फार लवकर सवय करून घेतं. एकच वास दोन-चार मिनिटं राहिला, की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. घडातला दहावा मणी तुमच्या नाकाला पहिल्या मण्याच्या पासंगालाही पुरत नाही. एका बैठकीत आणि तीन आठवड्यांत तुम्ही किती खाल्ली असतील, ते मी विचारत नाही.

आणि आता ते कारण, ज्याच्यासाठी सुरुवातीला थांबा म्हटलं. ती द्राक्षं तुम्ही जितक्या वेळा नव्या जागी, नव्या मनःस्थितीत खाल, तितक्या नव्या गाठी त्याच वासाला पडत जातात. पहिली गाठ पक्की असते हे खरं, पण तिच्यावर रोज नवं कापड शिवत गेलं तर ती खाली दबते. आज तो वास आजीचा आहे. आणखी दोन महिने असंच चाललं तर तो ‘मी आजीला शोधत होतो ते दिवस’ याचा वास होईल.

हे पुस्तकातून सांगत नाही. माझी स्वतःची एक आठवण मी अशीच खर्च केली. सात वर्षांची असताना मला बरेच दिवस ताप होता. माझे आजोबा सुतारकाम करायचे. संध्याकाळी ते उशाशी बसून एकेका द्राक्षाची साल सोलून मला भरवत. ती मस्कत प्रकारची, फुलांसारख्या वासाची द्राक्षं होती, आणि आजोबांच्या बोटांना लाकडाच्या भुशाचा वास. मोठी झाल्यावर तशी द्राक्षं हाताला लागली की मी त्या खोलीत जायची. मग या कामात आले, आणि वास आणि आठवण यांचं नातं समजावून सांगायला मी हीच गोष्ट वापरू लागले. दर तुकडीला तोच वास, तीच गोष्ट. लोकांना आवडायची. दहा-बारा वर्षांनी एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की मस्कतचा वास घेतला की मला प्रशिक्षणाची खोली दिसते. पांढरा दिवा, आकडे घातलेले छोटे पेले, करकरणारी खुर्ची. आजोबांची गोष्ट मी आजही तपशिलात सांगू शकते, पण ते येत नाहीत.

आता तुमचा पहिला प्रश्न, द्राक्ष कोणतं. वासाच्या हिशेबाने खायच्या द्राक्षांचे मी ढोबळ तीन गट करते.

पहिला गट मवाळ वासाचा. जगभर सर्वांत परिचित असलेलं, थॉम्पसन सीडलेस किंवा सुलताना या नावाचं बिनबियांचं हिरवं द्राक्ष त्यात येतं. स्वच्छ गोड, पण वास जेमतेम. त्यात कुणाची आजी सापडणं अवघड, अगदीच नाही असं म्हणत नाही.

दुसरा मस्कत. यात लिनालूल, जेरॅनिऑल अशी संयुगं असतात, जी गुलाबासारख्या फुलांतही सापडतात. गंमत म्हणजे त्यातला मोठा भाग साखरेला बांधलेला असतो आणि तसा असताना त्याला वास येत नाही. चावल्यावर, तोंडात रेंगाळल्यावर त्यातला थोडा सुटतो. म्हणून मस्कत घाईने गिळणाऱ्याला अर्धंच कळतं.

तिसरा गट अमेरिकी मूळ असलेल्या व्हिटिस लॅब्रुस्का या वेलीचा आणि तिच्या संकरांचा. काँकर्ड, इझाबेला ही त्यातली गाजलेली नावं. तुमच्या वर्णनातला एक तपशील मी दोनदा वाचला, ‘साल निसटली’. या गटाची ही खूणच आहे. मणी दाबला की साल पिशवीसारखी वेगळी होते आणि गर जेलीच्या गोळीसारखा सरकतो. इतर द्राक्षांत साल गराला चिकटून असते आणि दोन्ही एकत्र चावली जातात. वासही वेगळा, दाट, जरा उग्र, थोडा अत्तरासारखा. त्याच्यामागे मुख्यतः मिथाइल अँथ्रानिलेट हे संयुग असतं. ते जाईच्या फुलांतही असतं आणि पक्ष्यांना इतकं नकोसं होतं, की त्यांना पिकापासून हाकलायला ते फवारतात. इंग्रजीत या वेलीला कोल्ह्याचं द्राक्ष म्हणतात आणि या वासालाही कोल्ह्यावरूनच नाव पडलंय. आपल्या गोष्टीतल्या कोल्ह्याला ती आंबट लागली, हे बिचाऱ्याचं दुर्दैव.

तर माझा अंदाज या तिसऱ्या गटाचा आहे. साल आणि बिया या दोन खुणांवरून इतकंच म्हणता येतं. नेमकी जात फोटो किंवा मणी बघितल्याशिवाय सांगणार नाही, आणि कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका.

इथे एक फसगत संभवते, तीही सांगते. काँकर्ड ही जात एफ्रेम वेल्स बुल यांनी 1849 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावी तयार केली. 1869 मध्ये थॉमस वेल्च यांनी तिचा रस तापवून न आंबता टिकवण्याची पद्धत बसवली. पुढे हा रस इतका पसरला, की गोळ्या, सरबतं, औषधं यांच्यासाठी ‘द्राक्षाचा स्वाद’ म्हणून हाच वास पक्का झाला. त्यामुळे ज्यांनी लॅब्रुस्काचा घड कधी पाहिलेला नाही, त्यांच्याही बालपणात तो वास असतो. एकदा मी मिथाइल अँथ्रानिलेटची कागदी पट्टी फिरवली. एक गृहस्थ हुंगता हुंगता गप्प झाले आणि म्हणाले, ‘हे माझं दप्तर आहे.’ कुणालाच काही कळेना. अर्ध्या तासाने त्यांचं त्यांनाच उमगलं, दुसरीत असताना त्यांच्याकडे जांभळं, वासाचं खोडरबर होतं. त्यांची पहिली गाठ द्राक्षाशी पडलीच नव्हती. तुमच्या बाबतीत आजीच्या हातातलं फळ इतकं स्पष्ट दिसतंय, की तसं नसावं. पण शक्यता डोक्यात असू द्या.

इथवरचं थोडक्यात: वासाने आजी आणली, तो वास बहुधा लॅब्रुस्का गटाचा, फ्रीजने आणि अपेक्षेने तो दाबला, आणि रोज खाऊन तुम्ही तो बोथट करताय.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. तुम्ही लिहिलंय, आजी नखाने चिरून बी काढून देत असे. हे वाक्य तुम्ही प्रेमाची खूण म्हणून लिहिलंत. मी ते पाककृतीसारखं वाचलं. बघा, बी काढलेली, म्हणजे बी चावल्यावर येणारा कडू-तुरट रस तुमच्या वाट्याला कधी आलाच नाही. द्राक्ष चिरलेलं, म्हणजे तोंडात जायच्या आधीच त्याचा वास मोकळा झालेला, आणि तोंडाशी नेताना नाकाच्या पुढूनही गेलेला. तळहातावर ठेवलेलं, म्हणजे अंगाच्या उबेला आलेलं आणि तळव्याचा किंचित खारटपणा घेतलेलं. शिवाय पाच-सहा वर्षांच्या मुलाचं तोंड ते केवढं. तुम्हाला आज जो मणी लहानसा वाटतो, त्याच्या अर्ध्याने तेव्हा गाल भरत असे. तुम्ही दुसऱ्या दिवशी गार, अख्खा, बियांसकट मणी खाल्लात. जात तीच असली तरी खाणं वेगळं होतं.

‘हल्लीच्या द्राक्षांत दम नाही’ असंही तुम्ही म्हणता. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. बिनबियांच्या जातींत बी धरायला लागते आणि वाढ अर्धवट राहते. बियांकडून मिळणारी वाढीची संप्रेरकं मग कमी पडतात, म्हणून मणी मोठा व्हावा यासाठी जिबरेलिन या संप्रेरकाची फवारणी करतात. मणी फुगला की सालीचा वाटा गराच्या मानाने घटतो, आणि रंग, तुरटपणा व बराचसा वास सालीत आणि तिच्या लगत असतो. शिवाय द्राक्ष वेलीवरून उतरल्यावर पिकत नाही. लवकर तोडलं तर ते तसंच राहणार, घरी चार दिवस ठेवून काही होत नाही. हे सगळं खरं. पण माझ्यासमोर ‘पूर्वीची चव नाही’ म्हणणाऱ्यांना मी जुन्या जातीची उत्तम द्राक्षं, नाव न सांगता, कित्येकदा दिलीत. निम्मे लोक तरीही मान हलवतात.

तुम्ही काय करावं, ते सांगते. आज बसून आठवलं ते सगळं कागदावर उतरवा. गोष्ट म्हणून नको, तुकडे म्हणून. पायरी दगडाची की सिमेंटची, भांड्याला कान होते का, ऊन कुठून येत होतं, हात चिकट झाल्यावर तो कशाला पुसलात. जे आठवत नाही तिथे रिकामं सोडा, भरू नका. वासाने आलेली आठवण फार खरी वाटते, पण ती वाटते तितकी बिनचूक असतेच असं नाही. दोन-तीन दुपारी एकत्र होऊन एक झालेली असू शकते. भावंडांना विचारायचं असेल तर आधी लिहा, मग विचारा, नाहीतर त्यांची पायरी तुमच्या पायरीवर चढेल.

मग दोन-तीन महिने काळी द्राक्षं बंद. त्यानंतर एक मणी. खोलीच्या उबेचा, नखाने चिरलेला, बी काढलेला, तळहातावर थोडा वेळ ठेवलेला. एकच. त्या दिवशी काही झालं नाही तर दुसरा घेऊ नका, घड दुसऱ्या कुणाला देऊन टाका. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याला मात्र अख्खं द्राक्ष कधीच देऊ नका, ते घशात अडकतं. उभं चिरून चार फोडी करून द्या. आणि फक्त द्राक्षंच नाही तर सगळंच खाणं हल्ली बेचव लागत असेल, तर आठवणीचा विषय बाजूला ठेवून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

होईल का? माहीत नाही, आणि माझ्या खर्ची पडलेल्या आठवणीकडे बघून मी आश्वासन देणार नाही. पण एक सांगते. मागच्या वर्षी घरी दारं बसवायला सुतार आला होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून द्राक्षं धूत होते, एक तोंडात टाकलं, आणि बाहेरून रंधा मारल्याचा, ताज्या भुशाचा वास आत आला. आजोबा आले. दहा सेकंद असतील. नुसत्या मस्कतने वर्षानुवर्षं जे झालं नव्हतं ते दोन वास एकत्र आल्यावर झालं.

तुमच्याकडे दुसरा वास कोणता होता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं ते भांडं. जुन्या ॲल्युमिनियमला, त्यात ओलं फळ पडलं की, एक फिका धातूचा वास येतो. एखाद्या मावशीला, मामाला फोन करून विचारा, ते भांडं कुणाकडे गेलं.